भिंतीमागचे तीन दगड

यवतमाळ, मंगळवार, १० फेब्रुवारी १९५९

आमच्या महिला मंडळाची खिचडी आजही उरली. दवाखान्यात रोगी वाढलेत, सोबतची माणसं वाढलीत, मग ती जेवत का नाहीत? स्वयंपाकीण सिंधूबाई तर रुसूनच बसल्या आहेत.

दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीमागे धूर दिसला म्हणून गेले. बंजारा तांड्यावरची एक बाई तीन दगडांवर भाकर भाजत होती. विचारलं, "काहून वो, आमची खिचडी आवडत नाही काय?"

"खिचडी चांगली हाये बाई. पन माहा मालक आठ दिवसांपासून पडून हाये. त्याले माह्या हातची भाकरच जाते. तुमची चूल दुपारून रिकामी रायते, तेवढी द्या."

इतकी वर्षं आम्ही पोट भरलं का, एवढंच विचारत आलो. काय पाहिजे, हे कुणाला विचारलंच नाही. का बरं?

चूल दिली. संध्याकाळपर्यंत आणखी चौघी पिठाची गाठोडी घेऊन हजर. बैठकीत मंडळाला काय सांगावं, या विचारात निघाले, तर सिंधूबाई भिंतीमागचे ते तीन दगड एकेक करून आत आणत होत्या.

"एक चूल पुरते काय येवढ्या जनींले?" म्हणाल्या.