चेंडू आजपासूनच सोरेनचा

मी, एलियास नील्स ऑडेगार्ड, वय वर्षे सेहेचाळीस, राहणार टॉर्व्हिक, साउथ डकोटा, पूर्वी टॉर्व्हिक कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळलेला आणि गेल्या वर्षापर्यंत गावच्या शाळेत इतिहास शिकवणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे असे येथे लिहावे लागते. आज सकाळी ते ठिकाणावर आहे, एवढेच मी जबाबदारीने लिहू शकतो. दुपारचे सांगता येत नाही. म्हणून डॉ. प्रेस्कॉट यांनी सकाळीच तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे.

मला मूलबाळ नाही. पत्नी होती, ती मिनियापोलिसला सुखात आहे आणि तिने काहीही नको असे कळवले आहे.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासकट, लमार पिटकिन याला द्यावे.

कॉलेजच्या चारही वर्षांत लमार माझ्यापुढे धावत असे. चेंडू मी छातीशी धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत वाट फोडायचे काम त्याने करायचे. कॉलेजच्या व्यायामशाळेबाहेर विक्रमांचा फलक आहे. त्यावर माझे नाव तीनदा होते, आता एकदा आहे. लमारचे कधीच नव्हते, कारण वाट फोडणाऱ्याची मोजणी या खेळात कोणी ठेवत नाही. दोन हिवाळे झाले, तो ओमाहाचे घर सोडून माझ्या मागच्या खोलीत राहतो, स्वयंपाक करतो आणि माझ्या शर्टाची बटणे लावतो. घराचे त्याला सांगितले तेव्हा तो भांडी घासत होता.

"म्हणजे घरपट्टी मी भरायची," तो म्हणाला. "मेल्यावरही माझ्याच पाठीमागून पळणार तू."

"नको असेल तर सांग."

"नको कोण म्हणतंय? छप्पर गळतंय तेवढं त्या कागदात लिही. नाहीतर लोक म्हणतील, लमारनं आजारी माणसाला लुबाडलं."

छप्पर गळते. स्वयंपाकघराच्या वर.

कलम २. बर्फ काढायचे यंत्र आणि वडिलांची सुतारकामाची पेटी माझा थोरला भाऊ गुनार याला द्यावी. यंत्र त्याने पूर्वी एकदा मागितले होते आणि मी दिले नव्हते. मनात काही नव्हते असे लिहिणार होतो, पण होते.

कलम ३. मृत्यूनंतर माझा मेंदू काढून, डॉ. प्रेस्कॉट सांगतील त्या प्रयोगशाळेत, खेळात डोक्याला बसलेल्या धक्क्यांची खूण सापडते का हे तपासायला पाठवावा. माझ्या रोजनिशीच्या वह्या सोबत द्याव्यात. विसरणे कधी सुरू झाले याचा अंदाज त्यांना त्यातून येईल, निदान अक्षरावरून तरी.

गुनारचा याला विरोध आहे. तो गावच्या शाळेच्या संघाचा प्रशिक्षक आहे. मागच्या महिन्यात याच टेबलाशी बसून तो म्हणाला, "बाबांना बाटलीनं नेलं, तुलाही तीच नेतेय. त्यात खेळाला कशाला ओढतोस?"

"मग तपासू दे ना. बाटली असेल तर बाटली निघेल."

"आणि पेपरात काय छापून येईल? ऑडेगार्डच्या डोक्यात भुसा निघाला? अरे, चाळीस पोरं माझ्याकडे सरावाला येतात. त्यांच्या आयांना मी काय सांगू?"

"जे निघेल ते सांग."

त्याने टोपी घातली आणि कॉफी अर्धी ठेवून गेला.

गुनार चुकतोच आहे असे मी म्हणत नाही. मी प्यालो आहे, बरीच वर्षे आणि भरपूर. शिवाय लमारचा प्रश्न मला सुटत नाही. तो एकदा म्हणाला होता, "तुला जे लागलं ते आधी मला लागायचं, एलियास. मग मला सगळ्यांचे वाढदिवस कसे आठवतात?" म्हणूनच तपासणी हवी. काहीच निघाले नाही, तर ती गोष्ट चर्चमधल्या रविवारच्या कॉफीच्या वेळी, गुनार हजर असताना, सर्वांना ऐकू जाईल अशी सांगावी.

कलम ४. चेंडू.

आमच्या कॉलेजची रीत अशी की विक्रम करणारा त्या दिवशीचा चेंडू घरी नेऊन सांभाळतो. विक्रम मोडला की जुन्याने मैदानात उतरून तो चेंडू नव्याच्या हातात द्यायचा. जुना हयात नसेल तर त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने द्यायचा. मी दोन चेंडू असे दिले आहेत. दोन्ही वेळा टाळ्या झाल्या आणि दोन्ही वेळा मला बरे वाटले.

तिसरा अजून घरात आहे. तो खेपांच्या विक्रमाचा, म्हणजे चेंडू घेऊन किती वेळा घुसलो त्याचा. माझ्या खेपा एक हजार एकशे सत्तेचाळीस. काही शेवटच्या रेषेपलीकडे गुण मिळवून संपल्या, त्या वजा कराव्या लागतील. बाकी प्रत्येक खेप कोणीतरी मला जमिनीवर पाडले तेव्हा संपली. मी हा आकडा धावण्याचा समजत आलो. आता फलकासमोर उभा राहिलो की तो मला पडण्याचा दिसतो.

गुनारचा मुलगा सोरेन कॉलेजच्या याच संघात तिसऱ्या वर्षाला आहे आणि सगळे सुरळीत चालले तर येत्या शरद ऋतूत तो माझ्या पुढे जाईल. गेल्या हंगामात डोक्याला मार लागल्यामुळे दोनदा त्याला मैदानाबाहेर बसवले होते. दुसऱ्यांदा त्याने बाकावर मला विचारले, आपण जिंकतोय की हरतोय. गुणफलक त्याच्या समोरच होता.

रविवारी मी त्याला बोलावून चेंडू पुढे केला.

"काका, हा असा घरात देतात होय?" तो हसला. "मैदानावर द्यायचा असतो."

"मी तेव्हा नसेन."

"मग बाबा देतील. रीत आहे ती."

"घे रे. विक्रम झाला असं समज आणि घेऊन जा."

"फुकटचा नको मला," तो म्हणाला. मग लमारला विचारले, "जेवायला काय आहे?" दोनदा वाढून घेतले आणि गेला. चेंडू टेबलावरच ठेवला.

तरी मी लिहून ठेवतो की हा चेंडू आजपासूनच सोरेनचा आहे, विक्रम होवो वा न होवो. मैदानावर तो कोणी कोणाला देऊ नये, गुनारने तर नाहीच. खेळू नकोस असे मी सोरेनला सांगत नाही. मला कोणी सांगितले असते तर मी ऐकले नसते. चेंडूसाठी म्हणून खेळायची गरज उरू नये, इतकेच. आणि तपासणीचा अहवाल आला की गुनारच्या आधी सोरेनच्या हातात द्यावा, आणि तो वाचून होईपर्यंत देणाऱ्याने समोर बसावे.

अहवालाला काही महिने लागतात. हंगाम सुरू होण्याआधी तो यावा अशी माझी इच्छा आहे. त्याचा अर्थ मी लवकर मरावे असा होतो, हे मला कळते.

कलम ५. माझ्या दगडावर नाव आणि दोन सालेच कोरावीत. खेपांचा आकडा कोरू नये. शवपेटीवर घालायला कॉलेजने झेंडा पाठवला तर आभार मानून परत करावा.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गुनारची पत्नी मार्गिट हिने करावी. ती माझी वहिनी आहे आणि सोरेनची आई आहे. तिच्यावर हे ओझे टाकणे बरोबर आहे का, याचा मी आठवडाभर विचार केला. "द्या इकडे," एवढेच ती म्हणाली आणि आणलेले जेवण गरम करायला गेली.

लमार साक्षीदार म्हणून सही करायला तयार होता. पण ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष न देणे बरे, असे वकिलांनी सांगितले.

"म्हणजे इथल्याही फलकावर माझं नाव नाही," लमार म्हणाला.

"पहिल्याच कलमात आहे," मी म्हणालो. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले. ते माझेच आहे आणि मला समजते आहे. सोरेन आलाच तर त्याला सांगावे की पुढच्या दाराला कुलूप नसते.

एलियास नील्स ऑडेगार्ड
टॉर्व्हिक, साउथ डकोटा
सोमवार, ११ मार्च २०१९, सकाळी

लिहून देणाऱ्यांनी हे आमच्यासमोर वाचले व सही केली. ते शांत होते आणि आम्हाला नावाने ओळखत होते. पिटकिन बाहेर पायरीवर होते. आम्ही निघालो तेव्हा चेंडू टेबलावरच होता.

साक्षीदार:
होप लिंडक्विस्ट, ग्रंथपाल, शेजारी
वेंडेल क्रूगर, लोखंडी सामानाचे दुकानदार