‘येते’ म्हटल्याचा घोळ

गॉलवेजवळ, आयर्लंड
२६ नोव्हेंबर २०१७

प्रिय पियूष,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. इथे पाऊस रोज आडवा पडतो, म्हणून छत्री घेणंच सोडून दिलंय. आईंनी दिलेलं मेतकूट संपत आलंय. आपल्या ईशानीने चित्रात काढून पाठवलेला ससा फ्रिजवर चिकटवलाय; सगळे त्याला गाढव समजतात, हे तिला सांगू नकोस.

काळजी एकच होती. सहा महिन्यांची नोकरी डिसेंबरअखेर संपणार, आणि वाढवून मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. त्यात मी नेमका घोळ घातला. वॉर्डात मिस्टर गॅलाहर म्हणून ऐंशीचे शेतकरी होते. त्यांना घरी सोडायच्या दिवशी मी कागदांवर सही केली आणि निघताना सवयीने म्हणाले, ‘आय विल कम, हं.’ आपल्याकडे निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? पण म्हातारबुवांनी ते अगदी मनावर घेतलं. अंगात कोट, डोक्यावर टोपी, आणि खुर्चीतून हलायला तयार नाहीत! डॉक्टरीणबाई येते म्हणाल्यात, त्यांना भेटल्याशिवाय जाणार नाही, असा हट्ट. मुलगी गाडीत ताटकळलेली, त्या खाटेसाठी दुसरा पेशंट खोळंबलेला, आणि मी भलत्याच मजल्यावर. चार तासांनी सिस्टरने मला शोधून काढलं, तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. म्हटलं, संपलं. ते म्हणाले, पेशंट जिची चार तास वाट बघतो अशी डॉक्टर मला पहिल्यांदाच मिळाली. मग पोट धरून हसले आणि दोन वर्षांच्या नोकरीचा कागद पुढे सरकवला. माझं नाव म्हणे आधीच पक्कं झालं होतं!

पियूष, मी तिथल्या तिथे सही केली. तुला न विचारता. तुझं पॉलिटेक्निक, तुझे विद्यार्थी, सगळं डोळ्यांसमोर आलं, तरी केली. तुम्ही दोघं याल का? इथे तुला काय काम मिळेल, मला खरंच ठाऊक नाही. तुमच्यावाचून करमत नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे. फोनवर विचारलं असतं तर तू माझ्यासाठी लगेच ‘हो’ म्हणाला असतास, आणि मीही ते खरं मानलं असतं. म्हणून हे पत्र. चार दिवस जवळ ठेव, आणि नाही म्हणावंसं वाटलं तर बेधडक नाही म्हण.

तुझीच,
मेधा