माझ्या पोटातला गोळा

चि. सौ. धाकटीस थोरलीचे भरघोस आशीर्वाद. तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला मागाहून विचारते, कारण आधी हे सांगायलाच हवं की सगळ्यात पहिल्या आल्या नणंदबाई, आणि दारातच माझ्या गळ्यात पडून "वहिनी, असं कसं हो झालं!" म्हणून रडायला लागल्या. मला वाटलं त्यांच्याकडचंच कुणी गेलं, म्हणून मीही रडले. (रडता रडता कोण गेलं ते विचारणं बरं दिसत नाही.) मागोमाग विहीणबाई, हातात फळं आणि नजर अशी, जणू मी फोटो होऊन भिंतीवर लागले आहे.

झालं होतं असं, की माझं पोट महिनाभर नुसतं जळत होतं. सून म्हणे गॅस, लेक म्हणे पित्त. शेवटी सुनेनं धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी चांगली आहे, फक्त हात गार. पोट चेपून तिनं विचारलं, "आजी, पोटात गोळा येतो का?" म्हटलं, येतो तर! रोज संध्याकाळी, पार घशाशी येतो. तिचा चेहरा उतरला. लगेच सोनोग्राफी लिहून दिली, आणि सुनेनं काळजीपोटी नणंदबाईंना फोन केला, आईंच्या पोटात गोळा आहे म्हणून. पुढचा रडण्याचा कार्यक्रम तुला सांगितलाच.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत काही म्हणता काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात. "मग गोळा येतो तरी कधी?" मी म्हटलं, सून स्कूटरवरून घरी पोचेपर्यंत! अगं, ती वळणावर हात सोडून केस सारखे करते. डॉक्टरीणबाई इतकी हसली की बाहेरचा पेशंट आत डोकावला. मग मला लंगडताना बघून तिनं गुडघ्यासाठी काय घेता ते विचारलं. मी पिशवीतून तू दिलेल्या गुलाबी गोळ्या काढल्या. रोज घेते, चहाच्याही आधी, उपाशीपोटी. ती म्हणाली, "आजी, तुमच्या पोटात गोळा नाही, गोळ्या आहेत!" त्या गोळ्यांनी म्हणे पोटाला आतून सूज येते, जखमसुद्धा होते. त्या बंद केल्या, पोटाच्या जळजळीसाठी जेवणाआधीची दुसरी दिली, आणि आता मी ठणठणीत आहे.

तुझी थोरली

ता. क. त्याच गोळ्या तूही घेतेस. पोट जळतं म्हणून जेवण अर्धं केलंस, आणि ब्लाउज दोनदा आत घेतला म्हणून मिरवतेस. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर ती या वेळी हसली नाही. म्हणाली, गोळ्या आजच थांबवा आणि बहिणीला घेऊन या, आतून दुर्बिणीनं बघू.

ता. ता. क. बुधवारी तुझा नंबर लावलाय, आदल्या दिवशीच ये. घाबरू नकोस, मी आत येईन, तुझ्याऐवजी मीच बोलेन. (गोळ्याचं सोडून.) नणंदबाई आणि विहीणबाई गुरुवारी परत येतो म्हणाल्यात.