टोपलीतले फोन

प्रिय देल्फिना,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. मोबाइलवर लिहिलं असतं तर न वाचताच पुसून टाकलं असतंस. आपण डोंगरातल्या बायका एकदा रुसलो की खेचरं बरी म्हणायची वेळ येते. कागद फाडायला निदान हातात तरी घ्यावा लागतो. फाडायचाच असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

आधी कॉलेजचं सांगते, कारण ते सोपं आहे. नर्सिंगची तुझी जागा अजून आहे. पंधरा तारखेपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत, मग यादीतल्या पुढच्या मुलीला देऊन टाकतील. शरीररचनेच्या पेपरात तुला शंभरपैकी एक्क्याण्णव मिळाले. वर्गात दुसरी आलीस. हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही, आणि सांगितलं असतं तरी तू ऐकून घेतलं नसतंस. तुझी मैत्रीण आराषेली सांगत होती की तू पहाटेच्या टोळीबरोबर स्ट्रॉबेरी तोडायला जातेस, आईच्याच मुकादमाच्या हाताखाली, आणि कॉलेजचं नाव काढलं तर म्हणतेस, खड्ड्यात गेलं ते कॉलेज. ज्या कामातून तुला बाहेर काढायला तुझ्या आईने कंबर मोडून घेतली, त्याच सरीत तू वाकलीस हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. रागावू नकोस, उपदेश करत नाहीये. तो हक्क मला राहिलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी तू कॉलेजातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आलीस ते आठवतं का तुला? तू कसली येतेस, आईने तुला दंडाला धरून आणलं होतं. खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती ती, बोटांवर स्ट्रॉबेरीचे डाग, पायाशी जेवणाची पिशवी. मी स्पॅनिश सोडून आपल्या डोंगरातल्या मिस्तेको बोलीत विचारलं, ताई, कोणत्या गावच्या तुम्ही? आणि तिचा चेहरा असा काही उजळला! अगंबाई, ही तर आपलीच पोर निघाली, म्हणाली, आणि पिशवीतला, मक्याच्या पानात वाफवलेला तमाल काढून माझ्या हातावर ठेवला. मग आपल्या दोघींच्या गावांमधलं अंतर, मधला ओढा, कुठल्या गावच्या बायका भांडकुदळ, सगळं झालं. तू लाजेने मान खाली घालून बसली होतीस. जाताना मी तिला माझं कार्ड दिलं. म्हटलं, काही अडलं तर या नंबरवर मला फोन करा, इथे आपल्या बोलीत बोलणारं माणूस आहे. तिने ते फ्रिजवर चिकटवलं. तुमच्याकडे आले की मला ते दिसायचं आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

पहिल्या सहामाहीत तुझा प्राध्यापक मला म्हणाला, मुलगी हुशार आहे पण आळशी, तासांना दांड्या मारते. मी कपाळाला हात लावला. आळशी आणि तू! घरातली थोरली म्हणजे घराची जीभ, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? आईचा दात, शेजारणीचं भाड्याचं भांडण, वडिलांच्या गाडीचा दंड, सगळीकडे दुभाषी म्हणून तूच पुढे. आणि तुझ्या तोंडाला कुलूप, कारण घरातलं परक्याला सांगायचं नसतं. मीही तशीच होते. अकराव्या वर्षी डॉक्टरसमोर उभं राहून वडिलांना सांगितलंय मी, की तुमचा गुडघा आता बरा व्हायचा नाही. कॉलेजात आले तेव्हा यापायीच दोनदा नापास झाले.

म्हणून तर मी ती टोपली ठेवली. परीक्षेच्या दिवशी माझ्या सगळ्या पोरांनी आपापले फोन बंद करून माझ्या टेबलावरच्या टोपलीत टाकायचे. दोन तास जग बुडालं तरी चालेल, मी दरडावून सांगायचे. तू म्हणालीस, बाई, घरून फोन आला तर? मी म्हटलं, तुझ्यावाचून घर दोन तासांत मोडत असेल तर ते कधीच उभं नव्हतं. काय ती माझी ऐट! घरात पहिल्यांदाच कॉलेज शिकणारी अशी बावीस पोरं माझ्याकडे होती, त्यातली एकोणीस टिकली, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत असे. टोपलीचंही सांगत असे. लोक टाळ्या वाजवायचे.

त्या मंगळवारी तुझा तोच शरीररचनेचा पेपर होता, आणि शेजाऱ्याने पोटदुखीने कळवळणाऱ्या तुझ्या आईला हॉस्पिटलच्या दारात सोडलं. पुढचं तुला पाठ आहे. बाई मेक्सिकोची, म्हणजे स्पॅनिशच बोलणार, असं धरून त्या अमेरिकन लोकांनी फोनवर स्पॅनिश दुभाष्या लावून दिला. तुझ्या आईचं स्पॅनिश म्हणजे बाजारातलं आणि मुकादमाच्या शिव्यांचं. पण आपल्याला ते येत नाही हे आपली माणसं मरेपर्यंत कबूल करत नाहीत; तिकडे मेक्सिकोतल्या शहरात त्यावरून लोकांनी केलेली टिंगल हाडात मुरलेली असते. दुखणं कमी झालं का? हो. ताप उतरला का? हो. घरी जाल का? हो. गोळ्या देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा म्हणाली, काही नाही गं, बरं वाटतंय, तू अभ्यास कर. आतडं आत फुटलेलं होतं. शुक्रवारी गेली.

नवव्या दिवशी प्रार्थनेला मी आले होते. तुझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे जमिनीवरचा फुलांचा क्रूस उचलला, बायका रडत होत्या, आणि तू मला स्वयंपाकघरात ओढून नेलंस. म्हणालीस, बाई, मी फोन बंद केला म्हणून आई गेली. आणि मग त्याहून वाईट बोललीस. हॉस्पिटलचा कागद माझ्यापुढे नाचवून म्हणालीस, हे बघा, सगळ्याला हो, हो, हो! कळत नाही एवढं सांगायची अक्कल नव्हती का तिला? मेलेल्या आईवर ओरडलीस आणि लगेच स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतलीस. मी तुला जवळ घेतलं, म्हटलं, तुझा काही दोष नाही. मग पंगतीत बसले, जेवले, आणि गाडी काढून घरी आले. शरम वाटते लिहिताना. घास गिळला कसा मी?

आता ऐक. त्या मंगळवारी साडेदहाला माझ्या ऑफिसचा फोन वाजला. तुझी आई होती. तुझा फोन बंद लागला, म्हणून तिने कार्डावरचा नंबर लावला. म्हणाली, देल्फिनाला द्या. मी म्हटलं, पेपर चालू आहे, बाराला सुटेल. लगेच म्हणाली, मग नको, पोरीला उठवू नका. पण बाई, पोट दुखतंय म्हणून हॉस्पिटलात आलेय, हा फोनमधला माणूस काय विचारतोय ते मला कळत नाही हो, तुम्ही जरा बोलता का यांच्याशी? माझ्या दाराबाहेर पाच पोरं खोळंबली होती. मला वाटलं, नेहमीचंच पोट असेल. दोन मिनिटांचं काम होतं, देल्फिना. मी हसले आणि म्हटलं, अहो ताई, ते असेच शंभर प्रश्न विचारतात, तुम्ही आपलं हो म्हणत राहा, औषध देतील. ती म्हणाली, बरं बाई, तुम्ही शिकलेल्या, आणि फोन ठेवला. बाराला तू हसत बाहेर आलीस, मी तुला फोन परत दिला आणि हे बोलले नाही. तेव्हा बोलले असते तर मंगळवारच होता, आईला परत हॉस्पिटलात नेता आलं असतं. सोबत कॉलेजात परत येण्याचा अर्ज आहे, त्यावर माझ्याऐवजी दुसऱ्या बाईंची सही आहे, तुला माझं तोंडही बघावं लागणार नाही. पंधराच्या आत नेऊन दे. रविवारी मी तुझ्या वडिलांना हेच सांगायला येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण आईवरचा राग आजच सोड. आपल्याला कळत नाही, हे तिने सांगितलं होतं. मला सांगितलं होतं.

तुझीच,
ओतिलिया