न्हाणीघराला दार नसलेल्या घरातील माझा निम्मा हिस्सा

मी, वय वर्षे एकतीस, व्यवसाय चष्मे बनवण्याचा, लग्नाला एक वर्ष पूर्ण, लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलेलं आहे. उद्या या दोनशे वर्षांच्या घराची मधली तुळई बदलायची आहे. "आधी मृत्युपत्र करून ठेवा," असं सुतारकाका चेष्टेत म्हणाले. मी मनावर घेतलं.

कलम १. घर आम्हा नवराबायकोच्या नावावर आहे. माझा निम्मा हिस्सा कोणाला द्यावा, हाच घोर आहे. थोरल्या ताईला दिला तर ती विकायला काढेल आणि नवरा रस्त्यावर येईल. नवऱ्याला दिला तर तो जन्मभर दारं खरवडत बसेल.

कलम २. कारण नोंदवते. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी त्याने न्हाणीघराचं दार उतरवलं. मूळ रंग शोधायचा होता म्हणे! नेमके त्याच दुपारी जुन्या वास्तूंचे तपासनीस आले आणि यादीत लिहून गेले, "न्हाणीघर, मुळातच दाराविना." आता दार बसवणं म्हणजे ऐतिहासिक वास्तूत फेरफार! अर्ज केले, खेटे घातले. उत्तर एकच, "यादीत दार नाही." आत कोणी आहे हे कळावं म्हणून वर्षभर मी पडद्याआड मोठ्याने गाणी म्हणत अंघोळ करते. सासूबाई दोन दिवसांत परत गेल्या. आणि हा? "अगं, सापडला! खाली हिरवा आहे!"

कलम ३. भिंगं घासायचं यंत्र ताईला. शिडी शेजाऱ्यांना, ती त्यांचीच आहे. पडदा तपासनीसांना द्यावा, न धुता.

कलम ४. निम्मा हिस्सा अखेर नवऱ्यालाच. कुठली पायरी चुकवायची, कुठली खिडकी खांद्याने ढकलायची, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. शिवाय माझा जीव आहे त्याच्यावर, काय करू!

ठिकाण: स्वयंपाकघर, ओट्यापाशी.
तारीख: सतरा नोव्हेंबर, सकाळ.
करून देणार: मी (सही)

साक्षीदार:
१. सुतारकाका (सही)
२. नवरा (सही)

जादा नोंद: दुसरा साक्षीदार शेजारी ठरला होता, तो आलाच नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मी नवऱ्याला सहीआधी बजावलं होतं.

"म्हणजे तू गेलीस तर तुझा हिस्सा मला नाही?"

"नाही."

"मला एकट्याला करायचंय काय ते घर!" म्हणाला आणि सही ठोकली. वर सांगतो, "उद्या तुळईखाली मी. तू बाहेर थांब."

कलम चार वाया गेलं. गाढव कुठला! उद्या मीही आतच उभी राहणार आहे.