गाडीत कडबाच आहे

३० मार्च १९४५, शुक्रवार
मिरजेच्या कंत्राटदाराचा निरोप आला. छावणीच्या खाटिकखान्यासाठी डुकरं घ्यायला तयार आहे. मोठी चार आणा, पिल्लं राहू देत. बुधवारी पोचली पाहिजेत.

वर्षभर याच निरोपाची वाट पाहिली. पलटणीत गोऱ्यांचा डुकरांचा फार्म बघितला तेव्हापासून डोक्यात होतं. पाय अधू होऊन घरी आलो, माळावर मेंढरं टिकेनात, मग हा उद्योग. आणि आता निरोप आला तर ताट तसंच सरकवून उठलो.

हौसा चुलीपाशी होती. तिला सांगितलं. म्हणाली, "ढवळीबी जानार?" म्हटलं, ढवळीच आधी, सगळ्यात भरलेली तीच. तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही. पहिले दोन महिने हीच बाई नाकाला पदर लावून लांबून खरकटं फेकायची. मग नाव काय ठेवलं, तर गाईचं.

१ एप्रिल, रविवार
न्यायची कशी, हा घोर. रेल्वेनं न्यावी तर कवठे महांकाळच्या ठेसनावर अर्धा गाव असतो. रात्री गाडी जुंपावी तर पोलीस वाटेत अडवतात, सगळं उघडून बघतात. त्यांना हल्ली प्रत्येक गाडीत भूमिगतांच्या बंदुका दिसतात. म्हणजे दिवसाच.

गावात सांगून ठेवलंय, माळावर शेळ्या आहेत. वस्ती लांब, भोवती निवडुंग, कुणी फिरकत नाही. मराठ्याच्या पोरानं, त्यात पलटणीतून आलेल्या नाईकानं डुकरं पाळली हे कळलं तर भावकी पंगतीला बसवून घ्यायची नाही. वडील असते तर त्यांनी

जाऊ दे. ठरलं ते असं. गाडीवर ताडपत्री बांधायची, वर कडब्याच्या पेंढ्या. कुणी विचारलं तर कडबा.

हौ. म्हणाली, "आवं, ह्या उनात खाली गुदमरत्याल की ती." म्हटलं, पलटणीत लॉऱ्या भरभरून न्यायचे, मला शिकवू नको. खरं म्हणजे तिथं मी कोठारावर होतो, पोती उतरवून घ्यायचो. डुकरं लॉरीत चढताना एकदा लांबून पाहिली, एवढीच माझी माहिती. हे तिला सांगितलं नाही.

२ एप्रिल, सोमवार
आणि वाटेत ओरडली तर? पोट टम्म भरलं की ढवळी आडवी होते, हाक मारली तरी कान हलवत नाही. म्हणून हौ.ला सांगितलं, उद्या निघताना सगळ्यांना पोटभर घाल. तिला वाटलं मला माया आली. बाजरीच्या भाकरी थापल्या, गुळाचं पाणी केलं. "जाताना उपाशी नगंच," म्हणाली. मी मान हलवली. बायको आपल्याला चांगला समजते आणि आपण तिला समजू देतो, याची लाज वाटते. पण सांगितलंही नाही.

३ एप्रिल, मंगळवार. मिरज, धर्मशाळा
आजचं आजच लिहितो.

सकाळी चढवायला घेतली. ओढलं की डुक्कर मागं रेटतं. कान धरला तर असं किंचाळलं की मी सोडून देऊन रस्त्याकडं बघत राहिलो. शेवटी हौ.नं ढवळीच्या डोक्यावर पाटी पालथी घातली. पुढचं दिसेना झालं तशी ती मागं मागं सरकत फळीवरून गाडीत गेली. बाकीचीही तशीच. उलट्या पावली.

हौ.नं ढवळीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. पायाला दावं बांधलं होतं, ते दाखवून म्हणाली, "दावं तेवढं माघारी आना." बैल विकला तरी आपण दावं देत नाही, घरची लक्ष्मी घरी राहावी म्हणून. तिनं तेच डुकराला लावलं. मी हसलो नाही. ताडपत्री आवळली, कडबा रचला.

फाट्यावर तात्या उभे. आमच्या भावकीतले थोरले. पंगतीला कोण बसायचं, कोण उठायचं, हे ठरवणारे. ज्यांच्यापासून लपवायचं तेच.
"काय न्हेतुयास रं?"
"कडबा, तात्या."
"बरं झालं. सलगऱ्यापातुर सोड मला. लेकीकडं निघालुया, गुडगं चालंनात."

आणि चढून कडब्यावर बसले.

मी बैल हाकत राहिलो. ऊन चढलं. खालून आधी घुरघुर, मग धडका. ताडपत्री हलायची, पेंढ्या हलायच्या, पेंढ्यांवर तात्या हलायचे. मी मोठ्यानं बोलत होतो. पलटणीच्या गोष्टी, ज्या कधी कुणाला सांगितल्या नाहीत. वाटेत विहीर आली. मोट चालू होती, पाणी पाटातून वाहत होतं. थांबायला पाहिजे होतं. तात्या म्हणालेसुद्धा, "बैलास्नी पानी दाव की." म्हटलं, पाजूनच निघालोय. बैलांनीही माझ्याकडं मान वळवून पाहिलं.

त्यानंतर धडका थांबल्या. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

सलगऱ्याच्या अलीकडं तात्या उतरले. धोतर झटकलं आणि म्हणाले, "आता त्यास्नी पानी दाव."
"कुनाला?"
"डुकरांस्नी. वरीस झालं गावाला ठावं हाय. वास काय तुज्या निवडुंगात अडतुया व्हय?"
मी म्हटलं, "मग आवं तात्या, मगाशी बोलला का न्हाई?"
"तू कडबा म्हनलास, म्हून मीबी कडबाच म्हनलं. तुला उघडं कशापायी पाडायचं?" आणि काठी टेकत गेले.

ताडपत्री सोडली. तिघं तोंड वासून धापा टाकत होती, गाडीभर ओकलेल्या भाकरी. ढवळी कडेला, नाक ताडपत्रीला लावून. कुंकू घामानं ओघळलं म्हणावं तर डुकराला घाम कुठं येतो. फेसानं ओघळलं होतं. हात लावला तर अंग तापलेलं, पण गेलेली.

लोकांच्या विहिरीवरून बादल्या आणून तिघांच्या अंगावर ओतल्या. ढवळीला ओघळीत ओढून वर दगड रचले. दावं सोडून घेतलं. पुढं मिरजेपर्यंत गाडी उघडी होती. फेट्याचा शेमला मात्र तोंडावर घेतला होता.

४ एप्रिल, बुधवार
तिघं दिली. कंत्राटदाराचा माणूस ओरडला, पोटं भरून कशाला आणली, उन्हाची कशाला आणली. आत जायला त्यांना पाटी लागली नाही, एकामागं एक चालत गेली. शेवटचं दारातून वळलं आणि माझ्या पायाशी येऊन हुंगायला लागलं, तिथं ओळखीचा मीच ना. त्याला मी ढकललं. तोंडानं "चल, चल" म्हणत होतो, बैलाला म्हणतो तसं.

६ एप्रिल, शुक्रवार
काल घरी पोचलो. हौ.नं आधी दावं मागितलं. दिलं. तिनं ते धुतलं, हळदकुंकू लावलं आणि खुंटीला अडकवलं.
"तरास दिला का तिनं?"
"न्हाई. शांत गेली."

लढाईत मेलेल्यांच्या घरी असंच कळवतात. दावं झोपायच्या जागेसमोरच आहे. कूस बदलली तरी दिसतं.

९ एप्रिल, सोमवार
गावात गेलो. मारुतीच्या पारावर तात्या होते. बाजूला सरकून जागा दिली. म्हणाले, "पाडव्याला पंगतीला ये. हौसालाबी घिऊन ये." डुकरांचं अवाक्षर नाही. बाकीच्यांनी पानाचा डबा पुढं केला.

वाळीत टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. निदान ढवळी कशासाठी गेली ते सांगता आलं असतं. चुना लावताना हात थांबला, तर तात्या दुसरीकडं बघायला लागले. हे पुन्हा कडब्यासारखंच झालं.

१२ एप्रिल, गुरुवार. अमावास्या
मिरजेचा निरोप. पावसाळ्याआधी आणखी आणा. पिल्लं आता थोराड झालीत. त्यांतलं एक ढवळीसारखंच, मान तिरकी करून बघतं. हौ.नं त्याला अजून नाव दिलेलं नाही.

दुपारी तिनं ताडपत्री धुवायला काढली. मी नको म्हटलं, तरी काढली. निवडुंगावर वाळत घातली. संध्याकाळी बघतो तर अंगणात ती मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी दाभण आणि सुतळी. कडेला मुठीएवढं भोक, काठ चावून चावून दोरे निघालेले.

"उंदरानं कुरतडलं आसंल," मी म्हटलं.

तिनं भोकातून बोटं घातली, आतून बाहेर. काठ सगळे बाहेरच्या बाजूला वळलेले होते. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली.
"ह्या कडंला ढवळी हुती," म्हणाली. "मीच हुबी केलती."

गोठ्यातून पिल्लांचा कालवा येत होता, त्यांची खायची वेळ झाली होती. हौ.नं सुतळीचं टोक ओलं केलं, दाभणात ओवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"शिवू, का ऱ्हाऊ दे?"

आत आलो, दिवा लावला, हे लिहितोय. ती अजून तिथंच बसली आहे.