पुदिना कुंडीत मावत नाही

आचारीबुवा,

इतक्या महिन्यांनी तू बोटीवरून घरी येणार, आणि नेमकी मीच घरात नाही. वॉर्डातली एक नर्स आजारी पडली, म्हणून मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. सकाळी येते.

पानगळ सुरू झाली, रात्री गारठा पडतो, म्हणून गॅलरीतल्या कुंड्या आत ओट्याशेजारी आणल्यात. तू फोनवर सांगत गेलास तशी मी शेंडे खुडत गेले. पुदिना असा माजलाय की कुंडीत मावत नाही. ओव्याची पानं मात्र गळतायत. त्याच्याकडे आता तूच बघ, माझं काही ऐकत नाही तो.

बटाट्याचं सूप शेगडीवर आहे. गरम करून उतरवलंस की वरून पुदिना हातानेच तोडून घाल. तुझ्यासमोर घालून जरा मिरवणार होते, ते राहिलं.

तुझ्या कंपनीचा फोन आला होता. पुढच्या फेरीला लगेच निघशील का, विचारत होते. अजून पोचला नाही, एवढंच सांगितलं मी. ते परत करतील. तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण आज फोन वाजला तर वाजू दे. आधी मी घरी येते, मग उचल.

तुझी बायको